सात लाद्या

दमयंती कासकर गेल्या
तेव्हा बुधवारी दुपारचे तीन वीस झाले होते.
वेळ मी लिहून ठेवली.
बत्तीस वर्षं कुर्ला डेपोत टायमकीपर होतो,
कोणी निघालं की हात खिशातल्या पेनाकडे जातो.

प्रणिताला फोन मीच लावला.
व्हँकुव्हरला पहाटेचे तीनला दहा कमी.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, "येते. थांबवा."
पळत येणारं माणूस बसला हात दाखवतं, तसं.

मंडळाची थंड पेटी विक्रोळीला गेलेली.
मग बर्फवाला शकूर.
त्यानं विमान, तिकीट, काही विचारलं नाही,
फक्त गाव विचारलं.
"दुबई असेल तर दोन लाद्या, साहेब,
लंडन चार.
व्हँकुव्हर कुठे आलं?"
मी म्हटलं, बारा हजार किलोमीटरच्या वर.
त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.
"सात. पंखा बंद ठेवा."

मे महिन्यात, काजूपाड्यात, पंखा बंद.

मला अंतर कळतं ते कुर्ला ते ट्रॉम्बे,
फार तर पाऊस असेल तर वीस मिनिटं जास्त.
इथे भाचा मोबाईलवर दाखवत होता
एक पिवळं विमान, नखाएवढं,
हलतंय की नाही तेही कळत नव्हतं.
चौथी लादी गोणपाटातून सोडवत होतो,
भुसा झटकत होतो, तेव्हा तो म्हणाला
ताई आता ग्रीनलँडवर आहे.
नाव हिरवं, आणि खाली म्हणे सगळा बर्फच,
मैलोन् मैल, कोणाला न लागणारा.
शकूर आत येऊन बघून गेला.
"फुकट?" म्हणाला.

सहावी रात्री आठला.
तेव्हा ती फ्रँकफुर्टहून निघाली.
सातवी दीडला.
ओटीवर बादल्या, बादल्यांत टॉवेल,
टॉवेलांतून पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत.
कोणी बोलत नव्हतं. झोपलंही नव्हतं.

आमच्या चाळीवरून विमानं इतकी खालून जातात
की मांडणीवरची ताटं एकमेकांना लागतात.
दमयंतीबाईंची एक सवय होती.
बोलता बोलता विमान आलं की थांबायच्या,
हात तसाच हवेत, डोळे तुमच्यावर,
आणि आवाज सहारकडे उतरला की
बरोबर त्याच शब्दावरून पुढे.
भाजीवाल्याशी, वीजबिलवाल्याशी,
नवरा वारला त्या दिवशी पोलिसांशीसुद्धा.

चार बारा.
ताटं वाजली.
भाचा म्हणाला, हेच. हेच ते, काका.
आम्ही सगळे वर बघत राहिलो, पत्र्याकडे,
जणू पत्र्यातून चाकं दिसतील.
बारा हजार किलोमीटर संपले होते,
उरले होते तीनशे मीटर, तेही उभे.
तिला वरून आमचा दिवा दिसला असेल का?
असंख्य दिव्यांत एक बारीक पिवळा ठिपका,
तोही हलतोय की नाही कळू नये असा.
आवाज गेला.
आम्ही उगाच बाईंकडे बघितलं.
त्या राहिलेल्या शब्दावरून पुढे बोलल्या नाहीत.

मग रांग, शिक्का, बॅग येईना,
टॅक्सीवाला मरोळच्या पुढे यायला तयार नाही,
साकीनाक्याला पाइपलाइन फुटलेली.
पत्र्यावरून दारापर्यंत यायला
दोन तास एकोणीस मिनिटं.
माझ्या अख्ख्या नोकरीत इतकी लेट गाडी
मी एकच लिहिली असेल.

लादीचा आता पोळपाटाएवढा तुकडा उरला होता.
प्रणिता दारात आली. बूट काढले.
एक पाय आत टाकला
आणि मोजा घोट्यापर्यंत भिजला.
तिनं खाली बघितलं,
मग आईकडे, मग परत खाली.
"काका, पाय पुसायला..."

विमान आलं.
ती थांबली.
हात तसाच हवेत, डोळे माझ्यावर.
ताटं वाजली, थांबली.

"...काहीतरी द्या."